इंग्लिश कंट्री डान्सची चाल क्लॅरिनेटवर बसत नाहीये

बँडवाला_धुळे: मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. हेस्ट टू द वेडिंग ही जुनी चाल वरातीत वाजवायची म्हणतोय, नावातच लग्नाची घाई आहे ना 😄 सूर सापडले पण वाजवलं की आपलंच काहीतरी वाटतं, डान्सचं वाटत नाही. काय चुकतंय?

भुसावळकर: भाऊ, ती सहा-आठमधली (एका आवर्तनात, म्हणजे बारमध्ये, सहा मात्रा) जिग आहे, म्हणजे उड्या घेत नाचायची चाल. तू दादरा धरून चौथ्या मात्रेला खाली देत, म्हणजे ती बिनवजनाची सोडत असशील, इथंच घोळ. तिथं पहिल्या आणि चौथ्या दोन्ही मात्रांवर वजन पडतं, नाचणाऱ्याचं पाऊल तिथंच पडतं. आधी पायाने ठोके दे मग वाजव.

केळीवाला: हार्मोनियमवर पांढरी दोनचा सा धर, डी मेजर म्हणजे सगळे शुद्ध स्वर, बिलावलच. आठ बारचा पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, झाले बत्तीस. एकही बार खाऊ नको, नाचणाऱ्यांच्या रचना त्याच मापात बसवलेल्या असतात.

बँडवाला_धुळे: मी दुसरा भाग एकदाच वाजवत होतो 🤦

भुसावळकर: हो का! आणि तान घ्यायचा मोह आवर. प्लेफर्ड नावाच्या प्रकाशकाने १६५१ मध्ये लंडनला असे १०५ नाच छापले, त्यातही नुसती एकेरी चाल आणि खाली स्टेप्स. वरातीत पोरं ऐकतील का ते मात्र देव जाणे.