‘उड्डाण’ म्हणजे नेमकं काय? सिम्युलेटरवरच्या मराठी शब्दांची चर्चा

गंगापूर रोड (प्रश्न)
विमानाच्या सिम्युलेटरवर नव्याने बसणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपण करायचं आहे. ओझरहून निघून मुंबईला धावपट्टी २७ वर उतरायचं, तेही व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर खरा माणूस नियंत्रक असताना. पहिल्याच पानावर अडलं. ‘उड्डाण’ हा एकच शब्द फ्लाइट, टेक-ऑफ आणि डिपार्चर या तिन्हींसाठी येतो. ‘उड्डाणाची परवानगी मिळाली’ यातून मुलाने काय समजायचं? वेगळे शब्द आहेत, की इंग्रजीच ठेवावेत?

सिडको
परवानगी एक नसतेच, इथूनच घोळ सुरू होतो. मोठ्या विमानतळावर सगळ्या खुर्च्यांवर माणसं असली तर नियंत्रकांचा क्रम असा: डिलिव्हरी मार्ग देतो, ग्राउंड पुशबॅक (विमान मागे ढकलणं) आणि टॅक्सी (जमिनीवर चालवत नेणं) देतो, टॉवर धावपट्टी देतो. डिलिव्हरीने सांगितलेलं (गंतव्य, निर्गमन मार्ग, पहिली उंची, आणि स्क्वॉक म्हणजे रडारवर ओळखायचा चार आकडी संकेतांक) परत वाचून दाखवलं की ‘रीडबॅक करेक्ट’ येतं. नवखा त्यालाच ‘निघा’ समजून पार्किंग ब्रेक सोडतो आणि मागून टॅक्सी करत येणाऱ्या विमानासमोर जाऊन उभा राहतो. मार्ग मिळाला म्हणजे फक्त कागद मिळाला, विमान जागचं हलवायचं नाही. टिपणात ‘मार्गाची परवानगी’, ‘ढकलण्याची’, ‘टॅक्सीची’, ‘टेक-ऑफची’ असं दर वेळी पूर्ण लिहा. नुसतं ‘परवानगी मिळाली’ कुठेही नको.

पंचवटी
शब्दापुरतं बोलायचं तर ‘उड्डाण’चा मराठीतला जुना अर्थ झेप. अंजनेरीच्या मारुतीचं उड्डाण म्हणतो तेव्हा जमीन सोडण्याचा तो एक क्षणच डोळ्यासमोर असतो, सगळा प्रवास नव्हे. उड्डाणपुलातही तेच, अडथळ्यावरून झेप. ‘१२ उड्डाणे रद्द’ हा पसरट अर्थ बातम्यांमधून आला. म्हणून माझं मत: ‘उड्डाण’ फक्त टेक-ऑफसाठी राखा. फ्लाइटला आपल्याकडे एसटीने रुळवलेला ‘फेरी’ हा चांगला शब्द आहे, ‘मुंबईची फेरी रद्द’ कुणालाही कळतं. डिपार्चरला ‘निघणे’ किंवा फलकावरचं ‘प्रस्थान’.

ओझर
पंचवटीकरांच्या म्हणण्याला आधार आहे, आणि तो नुसता भाषेचा नाही. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफला धुक्यात दोन ७४७ धावपट्टीवरच आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानाला मिळाली होती ती मार्गाची परवानगी, पण तिच्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. कॉकपिटमधून ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचं वाक्य गेलं. टॉवरला वाटलं विमान जागेवर उभं आहे, प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. त्यानंतर नियम घट्ट झाला: ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. म्हणून थांबरेषेवर पोचल्यावर ‘रेडी फॉर डिपार्चर’ कळवायचं, ‘रेडी फॉर टेक-ऑफ’ नाही. इंग्रजीने जे दोन शब्द जाणूनबुजून वेगळे ठेवले, ते मराठी टिपणात एका ‘उड्डाणा’त कोंबू नका.

आणि ‘लाइन अप’ म्हणजेही उड्डाण नव्हे. धावपट्टीवर जाऊन मध्यरेषेवर सरळ उभं राहायचं, बस. मुंबईच्या ०९/२७ आणि १४/३२ या पट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे वापरात बहुतेक एकच. तुम्ही पट्टीवर असता तेव्हा मागे फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, कुणीतरी असतंच. परवानगी मिळाल्यावर मग चेकलिस्ट उघडाल तर त्या बिचाऱ्याला वर जावं लागतं. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा), ट्रिम, ट्रान्सपॉन्डर (स्क्वॉक पाठवणारं यंत्र) सगळं थांबरेषेआधी उरका. पुढे जड विमान गेलं असेल तर त्याच्या मागचे भोवरे विरावेत म्हणून एअरबस ए३२० ला त्याच जागेवरून २ मिनिटं थांबावं लागतं, मधल्या टॅक्सीवेवरून निघत असाल तर ३.

कॉलेज रोड
‘फेरी’ला हरकत आहे. गो-अराउंडला लोक ‘फेरा मारला’ म्हणतात, दोन्ही जवळ आले की पुन्हा गोंधळ. शिवाय बातमीत गो-अराउंड असो की होल्डिंग (वाट बघत हवेतच फिरत राहणं), ‘विमानाने घिरट्या घातल्या’ हेच.

ओझर
घिरट्या होल्डिंगलाच द्या, तिथे तो शब्द चपखल बसतो. प्रमाण होल्डमध्ये वळणं उजवीकडे, १४,००० फुटांपर्यंत सरळ बाजू १ मिनिटाची, त्यावर दीड. सेकंदाला ३ अंश वळलं की अर्धं वर्तुळ १ मिनिटात, म्हणजे खाली एक घिरटी ४ मिनिटांची. ‘आणखी १० मिनिटं’ म्हटलं की अडीच घिरट्या, तेवढं इंधन आहे का ते लगेच बघायचं. गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर: ए३२० वर थ्रस्ट टोगाला (इंजिनांचा पूर्ण जोर), नाक वर, फ्लॅप एक पायरी कमी, विमान चढतंय हे दिसल्यावरच चाकं आत. नवखे आधी चाकं उचलतात किंवा फ्लॅप एकदम शून्यावर नेतात. दुसऱ्या चुकीत लिफ्ट (विमान उचलून धरणारं बल) जाते आणि विमान खाली बसतं. मराठीत नुसतं ‘पुन्हा वर’ लिहा, कृती शब्दातच येते.

सिडको
‘उतरणे’ही तपासा. डिसेंट आणि लँडिंग दोन्ही ‘उतरणे’. कसारा घाट उतरणं आणि स्टँडवर उतरणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे. डिसेंटला ‘उतरण’, लँडिंगला ‘टेकणे’ घ्या. उतरणीचा हिशेब: दर हजार फुटांना ३ नॉटिकल मैल, शिवाय वेग कमी करायला साधारण १० मैल. ओझर-मुंबई सरळ अंतर सुमारे ८५ मैल. ३५,००० फुटांवरून उतरणीलाच १०५ लागतात, तेव्हा ती उंची या फेरीत बसतच नाही. १२,००० किंवा १४,००० घ्या. दिशा नैऋत्येची असल्याने सम पातळीच हवी. फार लवकरही उतरू नका, कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट आहे. आयएलएसच्या (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ मार्गाच्या) ३ अंशांच्या उतारावर जमिनीवरील वेग गुणिले ५ हा उतरणीचा दर: १४० नॉट असतील तर मिनिटाला ७००.

क्यूएनएच, म्हणजे उंचीदर्शकात लावायचा तिथला समुद्रसपाटीचा हवेचा दाब, विसरू नका. पावसाळ्यात मुंबईला १००३ असताना प्रमाण दाब १०१३ तसाच ठेवला तर उंचीदर्शक सुमारे २८० फूट जास्त दाखवतो, म्हणजे तुम्ही समजता त्यापेक्षा तेवढे खाली असता.

पंचवटी
आकड्यांचं एक टिपणात हवंच. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो, दोन नंतर. कानावर ‘टू सेव्हन’ पडतं, मन त्याचं सत्तावीस करतं आणि घाईत कागदावर ७२ उतरतं. स्क्वॉकमध्ये हे जास्त घडतं. त्यात आकडे ० ते ७ च असतात, म्हणून ८ किंवा ९ लिहिला गेला तर चूक लगेच पकडता येते, पण उलटापालट नाही पकडता येत. सुटे आकडे सुटेच लिहा, दोन-सात. ‘ट्री’, ‘फाइफ’, ‘नाइनर’ हे उच्चारही शिकवा.

गंगापूर रोड
घेतो. शेवटचं एक: रॉजर, विल्को, अफर्म, तिन्हींना ‘हो’ चालेल का?

ओझर
नाही. रॉजर म्हणजे ‘ऐकलं’, विल्को म्हणजे ‘ऐकलं, करतो’, अफर्म म्हणजे ‘हो’. आपलं ‘बरं’ रॉजरच्या सर्वात जवळ. आणि ‘होल्ड शॉर्ट’ला यातलं एकही चालत नाही, कुठल्या धावपट्टीबाहेर थांबताय ते तिच्या क्रमांकासकट परत म्हणावं लागतं.