डुकरांसाठी सोडलेला करंट: नुसते गुन्हे दाखल करून माणसं मरायची थांबतील का?

पांदणवाट (धागा सुरू)
तूर शेंगांवर आली, हरभरा घाटे धरू लागला की विदर्भात एक बातमी ठरलेली: रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटच्या तारेला चिकटून अमक्या गावात मृत्यू. कधी रात्रीच्या लाइटीवर ओलीत करायला निघालेला शेजारी, कधी पहाटे गवताला गेलेली बाई, तर कधी तार टाकणाराच. लाइनवर चोरून टाकलेला तारेचा आकडा काढायचा विसरतो आणि दव पडलेल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तार गुंडाळायला वाकतो.

याला गुन्हा म्हणा, पण त्याआधी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरांनी अपघाताकडे बघायची वेगळी रीत दिली: शरीराला सोसवेल त्याहून जास्त ऊर्जा पोचली की इजा होते. म्हणून माणसाला उपदेश करत बसण्याआधी ऊर्जा कमी करा, नाहीतर ती आणि माणूस यांची गाठच पडू देऊ नका. इथे दोन्ही जमण्यासारखं आहे. 230 व्होल्टच्या जागी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून क्षणभराचा झटका सोडणारं यंत्र, आणि रात्रीच्या जागी दिवसा मोटारीची थ्रीफेज वीज. कलमांनी डुक्कर थांबत नाही, आणि डुक्कर थांबलं नाही तर आकडाही थांबणार नाही.

कलमवाला
साफ अमान्य. आकडा आपोआप पडत नाही, माणूस टाकतो. अंधारात, उघड्या तारेवर, शेजाऱ्याला न सांगता. वीजचोरीला विद्युत कायदा 2003 चं कलम 135 आहे, माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं 105 लागू शकतं, वाघ गेला तर 1972 चा वन्यजीव कायदा. तुम्ही याला आरोग्याचा प्रश्न म्हटलं की उद्या आरोपीच रुग्ण होऊन बसेल. मेलेल्या सालदाराच्या बायकोला हॅडन सांगणार का?

शिवारात कोण तार सोडतो हे गावाला माहीत असतं. हंगामात डीपीनिहाय (ट्रान्सफॉर्मरनिहाय) रात्रीची तपासणी करा आणि दोन-चार आकडे जागेवर पकडा. ती बातमी आसपासच्या गावांत आपोआप पोचते.

वऱ्हाडी वावर
भाऊ, कलम सांगनं सोपं हाय. कळप एका रात्री हरभऱ्यात घुसला का सकाळी वावर नांगरल्यावानी दिसते. खाते कमी, तुडवते जास्त. पंचनामा होईस्तोवर हंगाम संपते.

अन् झटका मशीन लावून पाह्यलेले लोकं बी हायेत ना गावात. आठ दिवस डुकरं दबकते, मंग तारीखालून घुसते. सोलरची प्लेट चोरीले जाते ते वेगळंच. म्हनून लोकं म्हनते का आकड्याच्या तारीत शंभरचा बल्ब सिरीजमदी टाका, करंट कमी होते, डुक्कर पयते अन् मानूस मरत नाही. यात काय चुकलं ते सांगा.

जोडारी
सगळंच चुकलं, आणि हा जुगाड सांगणारे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत म्हणून आकड्यांनिशी लिहितो.

साधारण 10 मिलीअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात, तार सुटत नाही. 50 ते 100 मिलीअँपिअर सेकंद-दोन सेकंद छातीतून गेले तर हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. ओल्या अंगाचा रोध हजारेक ओहम धरा, म्हणजे 230 व्होल्टला 230 मिलीअँपिअर. 100 वॅटचा बल्ब पूर्ण पेटलेला असताना त्याचा रोध 500 ओहमच्या वर असतो, पण थंड असताना जेमतेम 40-50. माणूस तारेला लागतो तेव्हा बल्ब थंडच असतो, त्यामुळे तो असून नसल्यासारखा. 15 वॅटचा लावला तरी सुरक्षित होत नाही. ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, त्याचाही उपयोग नाही: तो 30 मिलीअँपिअर गळतीवर पडतो आणि तारेला ओलं गवत लागलं की तेवढी गळती होतेच. मग लोक तो काढून टाकतात.

झटका मशीनचं कामच निराळं. व्होल्टेज 5 ते 10 हजार, पण सेकंदाला फार तर एक ठोका, तोही काही मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळाचा, आणि मानकाप्रमाणे ऊर्जा 5 ज्यूलच्या आत. दोन ठोक्यांमध्ये हात सुटायला वेळ मिळतो. घेताना आयएस 302 या भारतीय मानकाचा शिक्का बघा. ठोका थांबून-थांबून न येता सलग येत असेल तर ते मशीन दुकानातच ठेवा. आणि बॅटरी उतरली म्हणून त्याच कुंपणाला मेनची फेज जोडली, तर इन्सुलेटरवर नीट बसवलेली ती तार साध्या आकड्यापेक्षा भयंकर ठरते.

डुक्कर खालून घुसतं त्याचं मूळ बहुतेकदा बसवण्यात असतं. डुकराला झटका नाकावर बसला पाहिजे, पाठीवरच्या राठ केसांवर नाही. म्हणून पहिली तार जमिनीपासून 20 सेंटिमीटर, दुसरी 45, तिसरी 75. रोही (नीलगाय) येत असतील तर वर अजून दोन. कुंपणाखाली कुठे खड्डा किंवा ओघळ असेल तिथे खाली वेगळा तुकडा ओढा, डुकराला तेवढीच फट पुरते. अर्थिंगला एक सळई ठोकून भागत नाही: पाच-सहा फुटांच्या तीन जीआय (जस्त चढवलेल्या) सळया, दहा-दहा फुटांवर, एकमेकींना जोडलेल्या, आणि मोटारीच्या अर्थिंगपासून लांब. आपली काळी माती माघात भेगाळते, सळईभोवती पोकळी पडते आणि मशीन टकटक करत असूनही झटका बसत नाही. तिथे पाणी ओतत राहावं लागतं. मधली तार अर्थची ठेवली तर कोरड्या दिवसांतही काम भागतं. टेस्टरवर शेवटच्या कोपऱ्यात 4-5 हजार व्होल्ट दाखवलं पाहिजे, 3 हजारांखाली आलं की डुक्कर जुमानत नाही.

मशीन पेरणीपासून चालू ठेवा. दाण्याची चव लागल्यावर लावलं तर कळप झटका सोसूनही घुसतो.

वऱ्हाडी वावर
अन् गवत?

जोडारी
खालच्या तारेखाली दीड फुटाचा पट्टा सतत साफ हवा. पावसाळ्यात हेच खरं काम, आणि बहुतेक कुंपणं इथेच बंद पडतात.

उपकेंद्र
वाद चालू द्या, पण तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. पहिला जातो तो जातोच, सोडवणारा दुसरा हकनाक जातो. आधी पुरवठा तोडा. एलटी (गावातल्या कमी दाबाच्या) लाइनवरचा आकडा कोरड्या, लांब बांबूने पाडता येतो. दवाने ओला झालेला बांबू चालणार नाही. 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या लाइनजवळ कुठलीच काठी चालत नाही, तिथे महावितरणला 1912 वर सांगून लाइन बंद होईपर्यंत लांब राहा.

माणूस सुटला, श्वास नाही, तर जागेवरच छाती दाबायला घ्या: छातीच्या मधोमध, 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. दुसऱ्याने 108 लावा. मातीत पुरून 'करंट उतरवायची' पद्धत अजून चालते, त्यात हातातली मिनिटं जातात. शुद्धीवर आलेल्यालाही घरी नेऊ नका, ईसीजी काढून घ्या.

नोंदीबद्दलही सांगतो. आकडा, मोटार, तुटलेली लाइन हे सगळे मृत्यू 'विजेचा धक्का' या एकाच रकान्यात गेले, तर कोणत्या शिवारात काय थांबवायचं हे कळणार कुठून?

कलमवाला
जोडारींचं सगळं बरोबर धरलं तरी दोन एकरवाल्याला ते परवडत नाही, हा मुद्दा उरतोच. आणि जोवर परवडत नाही तोवर आकडा पकडायलाच हवा.

पांदणवाट
एकट्याने केलं तर नाही परवडत. दोन एकराच्या चौकोनी वावराला 360 मीटर कुंपण लागतं, म्हणजे एकरी 180. पन्नास एकराचा एकच सलग चौकोन घेतला तर 1800 मीटर, एकरी 36. मशीन एक, प्लेट एक, राखणीलाही आळीपाळीने एक माणूस. सौर कुंपणाचं अनुदान असं सामूहिक द्या. आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आलेल्या फीडरवर (शेतीला वीज नेणाऱ्या लाइनवर) दिवसा लाइट मिळते, तिथे ओलितासाठी रात्री कोणाला धुऱ्यावर जावं लागत नाही.

वऱ्हाडी वावर
पन्नास एकरात बारा जनं येते, त्यातले चार बटईवाले, दुसऱ्याचं वावर वाट्यानं करनारे. त्यायचा सातबारा नाही, तं अनुदानाच्या अर्जावर सही कोनाची? अन् दीड फुटाचा पट्टा कोन साफ करन, हे पहिले लिहून घ्या. नाहीतं एकाच्या बाजूनं गवत वाढलं का बाराही जनायचं मशीन थंडं.