वेल्डिंग केलेले रूळ उन्हाने का वाकतात?

प्रश्न (रूळछंदी): जळगाव-अकोला पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. पूर्वी दर जोडाला फट असायची, आता लांबच लांब वेल्डिंग. मग तापून वाढलेला रूळ जातो कुठे? आणि गँगची (रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगारांची) कामं सकाळीच उरकायचा आग्रह कशासाठी?

खडीवाला: कुठेच जात नाही, तीच तर पंचाईत. मोकळा ठेवला तर एक किलोमीटर रूळ ३० अंशांनी तापल्यावर जवळजवळ ३५ सेंमी लांबेल. पण क्लिपा, स्लीपर आणि खडी त्याला लांबू देत नाहीत, म्हणून दाब आतच साठतो. ६० किलोच्या (मीटरला ६० किलो वजनाच्या) रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवला ते (टीडी) समजा ४२ आहे आणि दुपारी रूळ ६७ वर गेला, तर एका रुळात ४७ टन, दोन्ही मिळून ९५. हिशेब हवेच्या नाही, रुळाच्या तापमानाचा. भर दुपारी तो हवेहून १५-२० अंश जास्त असतो.

हा दाब आडवा सुटू नये हे मुख्यतः खडीचं काम. टॅम्पिंग (स्लीपरखाली खडी ठासणं) केलं, स्लीपर उचलला, खांद्याची (स्लीपरच्या टोकाबाहेरची) खडी उपसली की पकड ढिली होते. म्हणून अशी कामं शक्यतो टीडी+१० च्या आत. नंतर खडी नीट बसेपर्यंत वेगमर्यादा. सकाळचं कारण हेच.

वळणावरचा: वळणावर, पुलाच्या तोंडाशी, फाटकाजवळ आधी बघा. जनावरांच्या पायवाटेने खांद्याची खडी घसरलेली असते आणि नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. रूळ टीडी+२० च्या वर गेला की हॉट वेदर पेट्रोलिंग, म्हणजे उन्हाळ्यातली रुळांवरची गस्त. बारीक नागमोड, स्लीपरच्या कडेला खडीत पडलेली फट, सुटलेल्या क्लिपा, ही लक्षणं. ‘संध्याकाळी बघू’ म्हणू नका. रूळ वाकलेला दिसला तर सरळ करत बसू नका, आधी गाडी थांबवा: लाल झेंडा, ६०० मीटरवर एक फटाका (चालकाला इशारा म्हणून रुळावर ठेवतात तो), १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. सिंगल लाइन असेल तर दोन्ही बाजूंना.

रूळछंदी: मग टीडीच वाढवून ठेवला तर?

खडीवाला: थंडीत तेवढाच ताण वाढेल. पहाटे वेल्ड तुटेल. टीडी-३० च्या खाली गेल्यावर कोल्ड वेदर पेट्रोलिंग असतं ते त्यासाठीच.