शब्दचर्चा: ‘सेल्युलर सेनेसन्स’ला ‘पेशीवृद्धत्व’ म्हणावे की ‘पेशीजरा’?

पृच्छा

कर्करोगाच्या जीवशास्त्रावरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘सेल्युलर सेनेसन्स’ या संज्ञेपाशी अडलो आहे. ‘पेशीमृत्यू’, ‘पेशींचा ऱ्हास’ आणि ‘पेशीवृद्धत्व’ असे तीन पर्याय समोर आहेत. यांपैकी कोणता अर्थाला धरून आहे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

‘पेशीमृत्यू’ सरळ बाद करावा. पेशी स्वतःला पद्धतशीरपणे संपवते त्या क्रियेला १९७२पासून ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे स्वतंत्र नाव आहे. सेनेसन्समध्ये पेशी मरत नाही. तिचे विभाजन कायमचे थांबते, पण चयापचय चालू राहतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती आकाराने मोठी व पसरट झालेली दिसते. त्यामुळे ‘ऱ्हास’ही नीट बसत नाही.

‘पेशीवृद्धत्व’ या शब्दाला मात्र इतिहासाचा आधार आहे. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१मध्ये दाखवून दिले की, मानवी फायब्रोब्लास्ट पेशी (संयोजी ऊती घडवणाऱ्या पेशी) प्रयोगशाळेत सुमारे ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. तोवर शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी अमर्याद विभागत राहतात असा समज रूढ होता. ही मर्यादा वार्धक्याशी निगडित असावी असे त्यांना वाटले, आणि पुढे प्रत्येक विभाजनागणिक गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर नावाचे भाग आखूड होत जातात हे कळल्यावर तो तर्क अधिक पक्का झाला.

पण १९९७मध्ये चित्र बदलले. रास या जनुकाचे कर्करोगकारक रूप निरोगी पेशींत घातले असता, त्या बेसुमार वाढण्याऐवजी पी५३ आणि पी१६ ही विभाजन रोखणारी प्रथिने वाढून थोड्याच दिवसांत कायमच्या थांबल्या. त्यांचे टेलोमिअर झिजलेले नव्हते, म्हणजे विभाजनांच्या हिशेबाने त्या तरुणच होत्या. त्वचेवरचा साधा तीळ हे याचेच उदाहरण आहे. त्यातील रंगपेशींत बहुधा बीरॅफ या जनुकाचे उत्परिवर्तन झालेले असते. त्या काही काळ वाढतात, मग थांबतात, आणि तीळ वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. अशा पेशीला ‘वृद्ध’ म्हटले, तर कर्करोगाला अडवणारी ही यंत्रणा वाचकाला वयाचा परिणाम वाटेल.

दुसरी अडचण आपल्या भाषेतलीच आहे. ‘वृद्ध’ आणि ‘वृद्धी’ हे दोन्ही शब्द ‘वृध्’, म्हणजे वाढणे, या एकाच धातूपासून आले आहेत. कर्करोगावरच्या लेखात ‘पेशीवृद्धी’ हा शब्द पानोपानी येणार. त्याच्या शेजारी ‘पेशीवृद्धत्व’ आले की संख्या वाढणे आणि वाढ थांबणे या परस्परविरोधी गोष्टी जवळजवळ एकाच रूपात छापल्या जातील. म्हणून मी ‘पेशीजरा’ सुचवतो; ‘जरा’ म्हणजे म्हातारपण.

प्रतिसाद २

वृद्धीचा मुद्दा मान्य आहे. परंतु ‘जरा’ म्हटल्यावर मराठी वाचकाला आधी ‘थोडे’ हाच अर्थ आठवतो, आणि वयाचा संदर्भ तर त्या शब्दातही आहेच. मूळ घटना विभाजन थांबण्याची असल्यामुळे ‘विभाजनविराम’ हा शब्द अधिक पारदर्शक ठरणार नाही का?

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १च्या लेखकाकडून)

‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ अरबी-फारसीतून आलेला आहे. तो समासात येत नाही, त्यामुळे ‘पेशीजरा’मध्ये गोंधळाला जागा राहत नाही. वयाचा संदर्भ दोन्हीकडे आहे हे खरे. तो ‘सेनेसन्स’च्या लॅटिन मुळातही आहे. मात्र ‘जरा’ हा आज रोजच्या वापरातला शब्द नसल्यामुळे त्याला नेमका शास्त्रीय अर्थ बांधून देता येतो.

‘विराम’ घेणारा पुन्हा कामाला लागतो. यकृताच्या पेशी एरवी विभागत नाहीत, पण यकृताचा भाग काढून टाकला की पुन्हा विभागू लागतात. त्या स्थितीसाठी ‘विराम’ राखून ठेवावा. शिवाय सेनेसन्स म्हणजे नुसते थांबणे नव्हे. जीवशास्त्रज्ञ ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने २००८मध्ये सविस्तर मांडले की, या पेशी इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ यांसारखी दाहकारक द्रव्ये आणि ऊतींची वीण सैल करणारी विकरे सतत बाहेर सोडत असतात. ही द्रव्ये प्रतिकारपेशींना बोलावून घेतात. पण अशा पेशी साफ न होता साचत गेल्या, तर शेजारच्या कर्करोगपूर्व पेशींच्या वाढीला त्याच चालना देऊ शकतात. या घटनेची ही दुसरी बाजूच मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ‘विभाजनविराम’ नेमकी तीच झाकतो.

‘जरा’च्या बाजूने आणखी एक कारण आहे. ‘अजरामर’ या शब्दात आपल्या भाषेने ‘अजर’ आणि ‘अमर’ हे दोन गुण वेगळे ठेवले आहेत. बहुसंख्य कर्करोगपेशी टेलोमरेज हे विकर सक्रिय करून टेलोमिअर टिकवून धरतात. त्यांना जरा येत नाही, परंतु औषधाने वा किरणोत्साराने त्या मरू शकतात. म्हणजे त्या अजर आहेत, अमर नव्हेत. हा भेद ‘वृद्धत्व’ वापरून इतक्या थोडक्यात सांगता येत नाही.

आपल्या लेखात पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘पेशीजरा, म्हणजे पेशी जिवंत व सक्रिय असूनही तिचे विभाजन कायमचे थांबण्याची स्थिती’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘पेशीजरा’ वापरावे. पेशीसाठी ‘जराग्रस्त’पेक्षा ‘जरावस्थ पेशी’ बरे, कारण ‘ग्रस्त’ म्हटले की ही अवस्था म्हणजे रोगच असे वाटते. अशा पेशी निवडून मारणाऱ्या सेनोलिटिक औषधांना ‘जरापेशीनाशक’ म्हणता येईल.