मदत हवी आहे: डर्मल पिअर्सिंग रोज साफ करूनही लाल का होतंय?

मनवा_प
सकाळ-संध्याकाळ न चुकता साफ करतेय, तरी डर्मलच्या, म्हणजे कातडीत बसवलेल्या खड्याच्या, भोवती लाल झालंय. कडेला पिवळट खपली धरते, काढली की दुसऱ्या दिवशी परत हजर. जिथे केलं तिथे फोन उचलत नाहीत. शनिवारी मावसबहिणीचं लग्न आहे आणि ब्लाऊजचा गळा मोठा आहे. काय लावू? कृपया लवकर सांगा.

सावली२२
कुठे केलंय? किती दिवस झाले? साफ कशाने करतेस? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

आबा_सातारकर
सोनाराकडून नाक-कान टोचून आणले की आम्ही खोबरेल तेलात हळद कोमट करून लावायचो. दोन्ही मुलींचं असंच केलं, आता नातीचंही. आणि दागिना रोज थोडा फिरवायचा, म्हणजे चिकटत नाही.

सुई_दोरा
आबा, कानाचं आणि डर्मलचं गणित वेगळं. कानात तार आरपार जाते. डर्मलला भोक एकच. कातडीखाली एक चपटी पट्टी बसवतात, तिला छिद्रं असतात. त्या छिद्रांतून मांस भरून आलं की ती पक्की होते. फिरवली तर ते कोवळं मांस तुटतं, आणि तेलाने भोकाचं तोंड बुजतं. नऊ वर्षं हेच काम करतोय. कृपया हळद नको.

आबा_सातारकर
हळद जंतुनाशक आहे हे आता शाळेतली मुलंही सांगतील. आमच्या घरात कुणाचा कान पिकला नाही.

सुई_दोरा
कानाबद्दल मी वाद घालतच नाहीये. पण हळदीची पूड उघड्या जखमेत अडकते, ती निर्जंतुकही नसते.

मनवा_प
कॉलरबोनच्या खाली, उजवीकडे. 19 दिवस झाले. अँटिसेप्टिक लिक्विड पाण्यात घालून पुसते, मग स्पिरिटचा बोळा. आणि हो, फिरवते. आईने तेच सांगितलं होतं.

सुई_दोरा
मग लाल होणारच गं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड, अँटिसेप्टिक, सगळं आजपासून बंद. जंतूंबरोबर नवी कातडीही जळते. मेडिकलमधून 0.9 टक्क्यांचं नॉर्मल सलाईन आण. हात साबणाने धुऊन निर्जंतुक गॉज त्यात भिजव, तीन-चार मिनिटं नुसता ठेव. खपली मऊ होऊन आपसूक सुटेल तेवढीच घे, नखाने काढू नकोस. ती पिवळट खपली म्हणजे जखमेतून झिरपणारा द्रव सुकलेला असतो, पू नव्हे. मग कोरड्या गॉजने टिपून घे. कापूस नको, तंतू अडकतात. दिवसातून दोनदा पुरे.

निसर्गमित्र
सलाईन विकत कशाला? कोमट पाण्यात सैंधव टाका. मी सगळ्या जखमांना तेच वापरतो.

सुई_दोरा
घरी मीठ जास्तच पडतं आणि कातडी कोरडी पडून तडकते. शिवाय पाणी आणि भांडं निर्जंतुक हवं. त्यापेक्षा सलाईनच घ्या.

सावली२२
धातू कोणता आहे? मला निकेलची अ‍ॅलर्जी निघाली होती. सहा महिने मीही संसर्ग समजून मलमं चोळत बसले.

मनवा_प
टायटेनियम सांगितलं होतं.

वैद्यकीय_प्रतिनिधी
पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर डर्मल असल्याचं आधी सांगायचं, हे लक्षात ठेवा. तपासणीआधी तिथल्या लोकांना अंगावरच्या प्रत्येक धातूची माहिती हवी असते.

मनवा_प
एमआरआय कुणाला करायचाय? माझं लग्न शनिवारी आहे. म्हणजे, बहिणीचं!

कृष्णाकाठ
मी नर्स आहे. लाली पसरत चालली, हाताला गरम लागलं, ठणका वाढला, हिरवट किंवा घाण वासाचा पू आला, ताप आला, यातलं एकही असेल तर लग्नाची वाट न बघता डॉक्टरकडे जा. पिअर्सिंग स्वतः ओढून काढू नका. आणि पर्स कोणत्या खांद्याला लावता?

मनवा_प
ताप नाही, पू नाही. पर्स... उजव्याच खांद्याला. लोकलमध्ये पट्टा बरोबर त्याच्यावरून जातो.

कृष्णाकाठ
हेच विचारायचं होतं. आजपासून डावा खांदा. गाडीतला सीटबेल्ट, ओढणी, गळ्यातली चेन यांच्याकडेही लक्ष ठेवा.

सुई_दोरा
नर्सताईंना अनुमोदन. लग्नात साडी तिथे घासणार असेल तर तेवढ्यापुरती छोटी श्वास घेणारी पट्टी लाव, घरी आलीस की काढ. वरचा खडा मात्र बदलायला जाऊ नकोस, निदान तीन महिने. आता एक सांग. खडा कातडीला समांतर आहे की एका बाजूने उचललाय? भोवतीची कातडी पातळ, चकचकीत दिसते का?

आबा_सातारकर
पर्सचा मुद्दा मला पटला. हळदीचं मी नातीपुरतं ठेवतो.

मनवा_प
आरशात बघून आले. खांद्याकडची बाजू थोडी वर आलीये. तांदळाच्या दाण्याएवढी फट आहे.

सुई_दोरा
मग फोटोवर भागणार नाही. कातडी ते बाहेर ढकलतेय की नुसती सूज आहे, हे बोटाने बघावं लागतं. ढकलत असेल तर लवकर काढून घेतलेलं बरं, व्रण लहान राहतो. आजच कुणाला तरी दाखव.

मनवा_प
आईला घेऊन साडेसहाला त्वचारोगतज्ज्ञांकडे जातेय. सलाईन घेतलं. आल्यावर कळवते.