लढाऊ विमानाचे पंख काढून केलेली गाडी, तिला 'गाडी' का म्हणायचं?

वेगवेडा:
नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले नॉर्थ अमेरिकन ईगल या जमिनीवरच्या वेगाचा जागतिक रेकॉर्ड मोडायला बनवलेल्या गाडीबद्दल वाचतोय आणि डोक्यातून जातच नाहीये. एफ-104 स्टारफायटर हे जुनं लढाऊ विमान भंगारातून घेतलं, त्याला चाकं लावली आणि अमेरिकेत ऑरेगनच्या अल्वोर्ड वाळवंटात पळवलं. टीममधले लोक व्हॉलंटिअर, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी येऊन काम करणारे. मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. इंजिनाचा जोर चाकांवर जातच नाही, मागून झोत निघतो आणि सगळं धूड पुढे ढकललं जातं, मग ही गाडी कशी? आणि जे79 हे जेट इंजिन तर विमानाचं तयारच होतं, मग जवळपास वीस वर्षं कशात गेली?

रस्तेपारखी:
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गाडीला निदान चार चाकं हवीत, त्यातल्या किमान दोन चाकांनी ती वळली पाहिजे आणि चालवणारा आत बसलेला पाहिजे. जोर चाकातून आला की झोतातून, याने मुख्य रेकॉर्डला फरक पडत नाही, ज्यांच्या इंजिनाचा जोर चाकांवर जातो त्यांचा वर्ग वेगळा आहे. जास्त कडक नियम आहे तो परतीचा. एका दिशेने पळायचं, मग तासाभराच्या आत उलट दिशेने पळायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळत नाही. ब्रिटनची थ्रस्ट एसएससी ही जेट गाडी 13 ऑक्टोबर 1997 ला दोन्ही दिशांना आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गेली, पण परतीचं पळणं अगदी थोडक्यात तासाच्या बाहेर गेलं आणि रेकॉर्ड धरलंच नाही. दोन दिवसांनी, 15 तारखेला, तिचा चालक अँडी ग्रीन पुन्हा बसला आणि ताशी 1227.985 किमी काढले, जे अजून कुणी मोडलेलं नाही. आणि वेगवेडा, तीही लोकांच्या जोरावरच झालेली गाडी बरं का, सगळं सामान विमानाने अमेरिकेत नेवाडाला, म्हणजे जिथे गाडी पळवायची होती तिथे, न्यायचं तर इंधनाला पैसे नव्हते, तेव्हा जगभरच्या लोकांनी इंटरनेटवरून थोडं थोडं इंधन विकत घेऊन दिलं, तेही 1997 साली!

नटबोल्ट:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, विमानांच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलंय. जोर हा त्यातला सोपा भाग. विमानाचं धड उडायला बनवलेलं असतं आणि इथे त्याला जमिनीला चिकटवून ठेवायचंय. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट होतो, त्यामुळे नाक जरासं जरी वर झालं तरी हवा खाली शिरून गाडी उचलते, आणि नाक जास्त खाली दाबलं तर पुढची चाकं मातीत रुततात. त्यात आवाजाच्या वेगाजवळ पोटाखालच्या हवेत धक्क्याच्या लाटा तयार होतात आणि त्या जमिनीवर आपटून परत गाडीवर येतात, विमानाला आकाशात हा त्रास नसतो.

मग चाकं. 90 सेंटिमीटरचं चाक ताशी 1000 किमीला सेकंदाला जवळपास 98 वेळा फिरतं, तिथे रबर टिकतच नाही, फाटून उडून जातं, म्हणून अख्ख्या अॅल्युमिनियममधून कोरलेली चाकं लागतात, टायरच नाही. थांबायचं म्हटलं तर सुरुवातीला पॅराशूट आणि हवेचे ब्रेक, चाकांचे ब्रेक बरेच नंतर.

आणि खरा वेळ जातो तो हाताच्या कामात. लॉकवायर लावणं घ्या. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक असतं, त्यातून तार ओवायची, पीळ घालत शेजारच्या बोल्टपर्यंत न्यायची, आणि दिशा अशी की एक बोल्ट सैल व्हायला लागला तर तार ओढली जाऊन दुसरा घट्ट व्हायला बघेल. पीळ कमी पडला तर तार थरथरून झिजते, जास्त झाला तर तुटते. मी शिकत होतो तेव्हा आमचे वरिष्ठ एक शब्द न बोलता कटरने तार कापायचे आणि नवीन तार हातात द्यायचे. असे शेकडो बोल्ट, आणि करणारा माणूस आठवडाभर दुसरीकडे राबून आलेला. वीस वर्षं मला अजिबात जास्त वाटत नाहीत, त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

वेगवेडा:
नटबोल्ट दादा, मनापासून धन्यवाद, लॉकवायरचं तर कुठेच वाचलं नव्हतं. मग 2019 मध्ये ईगल चालवताना जेसी कोम्ब्स अपघातात गेली ते यातलंच काही बिघडून का?

रस्तेपारखी:
27 ऑगस्ट 2019, अल्वोर्डच. तपासात पुढच्या चाकाची असेंब्ली निकामी झाल्याचं निघालं, बहुतेक वाळवंटात पडलेल्या कशालातरी धडकून. तेव्हा वेग ताशी 880 किमीच्या आसपास होता. त्याच दिवशीचा तिचा 841.338 किमीचा वेग नंतर महिलांचा रेकॉर्ड म्हणून गिनीजने मान्य केला. त्याआधीचा किटी ओनीलचा रेकॉर्ड 1976 पासूनचा, तोही याच वाळवंटातला. ईगलच्या टीमचे एड शॅडल, ज्यांनी हे सुरू केलं, ते आदल्याच वर्षी गेले होते. मला अजूनही त्याबद्दल लिहिताना जड जातं.

नटबोल्ट:
हो. म्हणूनच ट्रॅक चालून बघतात, माणसं ओळीने हातभर अंतर ठेवून, मान खाली घालून, किलोमीटरच्या किलोमीटर. दक्षिण आफ्रिकेत हॅक्सकीन पॅन या वाळलेल्या तळ्यावर ब्लडहाउंड या रेकॉर्डसाठीच्या ब्रिटिश गाडीसाठी तिथल्याच गावच्या शेकडो लोकांनी हजारो टन दगड हाताने वेचले, यंत्राने जमीन उकरली जाते म्हणून. वाळलेल्या तळ्याच्या चिखलात खडा अर्धा रुतलेला असतो, वरून नखाएवढाच दिसतो, उन्हं तिरकी असताना सावली पडते तेव्हाच सापडतो. त्यामुळे हे काम सकाळीच उरकायचं.