विषय: राउलांदची टेलिमार्क कार्यशाळा, जावं का?

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये एका शनिवार-रविवारी नॉर्वेतल्या राउलांदला नवशिक्यांसाठी टेलिमार्कची, म्हणजे टाच मोकळी ठेवून उतार उतरायच्या स्कीची, कार्यशाळा आहे, तिथल्या स्थानिक क्लबाची. ओस्लोलगतच्या नूरमार्क जंगलात सपाटीवरचं स्की मला बऱ्यापैकी जमतं, उताराची मात्र धास्ती आहे. अल्पाइन, म्हणजे टाच जखडून उतरायचं स्की, कधी केलेलं नाही. वय 43. टाच मोकळी ठेवून उतरायचं म्हणजे गुडघ्यांचं काय होणार? आणि सगळं सामान विकत घ्यावं लागेल का? कोणी शिकलं असेल तर सविस्तर लिहा.

शु. (ओस्लो)

---

शु. ताई, नक्की जा.

आधी वयाचं बोलतो. टेलिमार्कचा जनक मानला जाणारा सोन्द्रे नूरहाइम मोर्गेदाल गावचा, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा गरीब माणूस. 1868 मध्ये क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या स्पर्धेत त्यानं राजधानीच्या लोकांना थक्क केलं, तेव्हा तो 42 वर्षांचा होता. पीळ दिलेल्या फांद्यांचा पट्टा तो टाचेमागून घ्यायचा. त्यामुळे टाच उचलता यायची, पण उडी मारली तरी स्की पायातून निसटत नसे. ओस्लोतल्या होल्मेनकोलेनच्या टेकडीवर स्कीवरून उडी मारणारे जमिनीवर येताना एक पाय पुढे घेऊन गुडघे वाकवतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. ती टेलिमार्कचीच ठेवण, आणि ती नीट साधली नाही तर पंच गुण कापतात.

तुमचा सपाटीचा सराव इथे कामी येतो. अल्पाइनवाल्यांना टाच जखडलेली असण्याची सवय असते; ते नडगीनं बुटावर रेलतात आणि टाच सुटी झाली की तोंडावर येतात. तुम्हाला मोकळ्या टाचेवर तोल राखता येतो. फक्त नांगर घालून (स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब) थांबणं जमत नसेल, तर कार्यशाळेआधी एखाद्या संध्याकाळी लहान मुलांच्या उतारावर ते पक्कं करा.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं की टेलिमार्क म्हणजे पुढचा गुडघा वाकवणं. वळण खरं टिकतं ते मागच्या पायावर. बाहेरची स्की पुढे, आतली मागे, मागची टाच वर, आणि अंगाचा भार जवळपास निम्मा निम्मा. सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचलनासारखं दिसतं, पण पाऊल इतकं लांब टाकायचं नाही. मागचा पाय अंगाखालीच हवा. तो लांब गेला की त्या स्कीवर भार राहत नाही, ती नुसती फरफटते आणि सगळा ताण पुढच्या मांडीवर येतो. म्हणून मागच्या पायाच्या चवड्यानं, विशेषतः करंगळीच्या बाजूनं, बर्फ दाबत राहा. पाय बदलताना उडी नको, पुढचा पाय पुढे फेकूही नका. दोन्ही पाय एकाच वेळी, सावकाश, एकमेकांजवळून सरकू द्या.

हे तीव्र उतारावर शिकता येत नाही. शिक्षक शनिवारभर तुम्हाला जवळजवळ सपाट बर्फावर पाय बदलायला लावतील, मग उतार आडवा कापताना खाली-वर व्हायला लावतील. कंटाळा करू नका. दुपारी बाकीचे मोठ्या लिफ्टकडे निघाले तरी तुम्ही त्याच हलक्या उतारावर राहा. दोन दिवसांत डावीकडे एक आणि उजवीकडे एक वळण मागच्या पायावर भार ठेवून आलं, तर ते फार मोठं कमावलेलं असेल.

सामान भाड्यानं घ्या. नूरमार्कातल्या अरुंद स्की चालणार नाहीत, पोलादी कडा हव्यात. बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा भाग) एकाच पद्धतीचे आहेत ना, हे दुकानात विचारून घ्या. पुढे चोच असलेला 75 मिलिमीटरचा बूट एनटीएन या नव्या पद्धतीच्या बाइंडिंगमध्ये बसत नाही.

वि. (नोटोडेन)

---

वि. दादांनी तंत्र छान सांगितलंय. गुडघ्यांचं मी सांगते, माझं रोजचं काम फिजिओथेरपीचंच आहे.

पूर्वी गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असेल तर आधी तपासून घ्या. जुन्या धाटणीची बरीच 75 मिलिमीटरची बाइंडिंग पडल्यावर बूट सोडत नाहीत. पाय पिळवटला तर स्की लिव्हरसारखी काम करते. सुटणारं बाइंडिंग मिळत असेल तर तेच मागा. गुडघ्यांना पॅड लावा, कारण मागचा गुडघा बर्फाच्या इतका जवळ जातो की आतला दगड लागू शकतो. हेल्मेट तर हवंच.

आजपासून रोज लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचा व्यायाम) करा, पण खाली जाताना हळू. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. आत लोकरीचा पातळ थर घाला. या प्रकारात घाम खूप येतो आणि लिफ्टवर बसलं की तोच गार पडतो.

मी. (बर्गन)

---

वि. दादा, मी. ताई, मनापासून आभार. गुडघ्याला जुनं दुखणं नाही. नाव नोंदवलं, बूट कुठल्या पद्धतीचे देणार हे क्लबाला विचारलंय, आणि या गुरुवारी संध्याकाळी नांगराचा सराव करायला निघालेय.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ओस्लोहून गाडीनं निघणार आहे, तीनेक तासांचा रस्ता आहे. गाडीत दोन जागा आहेत. दशम्या आणि चटणी माझ्याकडे. येणाऱ्यांनी बुटाचा नंबर आणि उंची रविवारपर्यंत कळवा, म्हणजे सामान एकत्रच सांगता येईल.

शु.